थांबणारी पिछाडी

ज्या फौजेला मागे सरायचे आहे तिला आधी थांबता आले पाहिजे. हे बोलणे उफराटे वाटेल. मागे सरायचे म्हणजे शत्रूपासून लांब जायचे, आणि लांब जायचे तर पाय उचलावेत, थांबायचे कशाला? घोडदळापुरती ही शंका रास्त आहे. आपल्या मनात माघारीची जी चित्रे आहेत ती बहुतेक घोडेस्वारांची. शत्रू अंगावर आला की पांगायचे, दहा कोसांवर पुन्हा जमायचे, तो पुढे सरकला की त्याच्या पाठीवर पडायचे. तिथे मागे जाणे हा डावच असतो. अठराव्या शतकात मात्र बंदूकधारी, कवायती पायदळ लढाईच्या मध्यभागी आले, आणि त्याच्यासाठी माघार हे सगळ्यांत अवघड काम होऊन बसले. पायी चालणारा घोड्यापुढे पळून सुटत नाही. त्याला सुटायचे तर वाट एकच. थोडे चालायचे, वळायचे, उभे राहायचे, फैर झाडायची, आणि समोरचा सावरतो आहे तोवर पुन्हा थोडे चालायचे.

असे का, हे समजायला ती बंदूक हातात घेऊन पाहिल्यासारखी पाहावी लागते. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाची चकमकीची बंदूक साधारण साडेचार किलोची. ती नळीच्या तोंडातून भरायची. कागदी काडतूस दातांनी फाडायचे, थोडी दारू रंजक म्हणून चापाजवळच्या खोलगट भागात टाकायची, बंदूक उभी करून उरलेली दारू, गोळी आणि कागद नळीत घालायचा, गज काढून ते सारे तळापर्यंत ठासायचे, गज जागेवर ठेवायचा, घोडा मागे ओढायचा, मग खांद्याला लावायची. कसलेला शिपाई मिनिटाला दोन, फार तर तीन बार काढी. नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे शंभरेक पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरणे म्हणजे दैवाचा खेळ. एकट्या बंदुकीला किंमत नव्हती. किंमत होती ती रांगेला, एकदम सुटणाऱ्या फैरीला आणि नळीच्या टोकाला बसवलेल्या संगिनीला.

आता हा शिपाई चालतो आहे असे समजा. पाठीमागे धूळ उडते आहे. चालता चालता त्याला बंदूक भरता येत नाही, निदान धडपणे येत नाही. गज ठासायला बंदूक जमिनीवर टेकावी लागते. चालताना रांग वेडीवाकडी होते, आणि वाकड्या रांगेची फैर तुटक सुटते. म्हणजे चालणारे पायदळ जवळजवळ निःशस्त्र असते. घोडेस्वाराला हे पक्के ठाऊक असते. तो भरलेल्या, उभ्या रांगेवर सहसा जात नाही. तो वाट पाहतो. फैर सुटून गेली की पुढची वीस-पंचवीस सेकंदे त्याची. रांग वळून चालू लागली की तो सगळा वेळ त्याचा.

म्हणून माघारीची रीत ठरली ती अशी. पिछाडीचे दोन भाग करायचे. एक भाग शत्रूकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा त्याच्या मधून किंवा बाजूने मागे जातो, दीडदोनशे पावलांवर एखादा ओढा, बांध किंवा टेकाड धरून वळतो आणि उभा राहतो. मग पहिला निघतो. कोणता तरी एक भाग सदैव उभा आणि भरलेला असला पाहिजे. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात त्याला अशी एक गोष्ट लागते जी पिछाडीच्या हातात नसतेच: पुढे गेलेल्या मुख्य फौजेने पिछाडीच्या चालीने चालायचे. पिछाडी थांबली की तिनेही वेग आवरायचा, गरज पडली तर थांबायचे. मुख्य फौज आपल्याच घाईत निघून गेली तर मध्ये पोकळी पडते, आणि घोडदळाला हवी असते ती पोकळीच. पिछाडी एका बाजूला वेढली जाते, मुख्य फौज दुसऱ्या बाजूला, आणि एका फौजेच्या जागी दोन दुबळ्या टोळ्या उरतात. तेव्हा माघारीत थांबायचे कोणी ठरवायचे, आणि त्याचा शब्द अगदी पुढे चालणाऱ्यापर्यंत पोहोचतो का, यावर सारे येऊन ठेपते.

याचा पडताळा पाहायला आपल्याला युरोपात जायची गरज नाही. बोरघाटाच्या माथ्यावर, मावळात, दोन वर्षांच्या अंतराने दोन इंग्रज फौजांना माघार घ्यावी लागली. पहिली १७७९ च्या जानेवारीत, दुसरी १७८१ च्या एप्रिलमध्ये. एकीने शरणागतीचा तह लिहून दिला. दुसरी रक्तबंबाळ झाली, पण फौज म्हणून पनवेलला पोहोचली.

पहिली मोहीम राघोबादादांना पुण्यात गादीवर आणण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांनी काढली. चारेक हजारांची फौज, आणि तिच्यासोबत शिधा, दारूगोळा, सामान वाहणारे एकोणीस हजार बैल. हा आकडा दोनदा वाचावा. एका शिपायामागे चारपाच बैल, बैलांमागे हाकणारे, त्यांच्या मागे बाजारबुणगे. या फौजेचा वेग सैनिकाच्या पायावर नव्हता, बैलाच्या खुरावर होता. वर नेतृत्व तिघांच्या कमिटीचे: कर्नल एगर्टन, मुंबई कौन्सिलचा जॉन कार्नॅक आणि पूर्वी पुण्यात वकील राहिलेला मॉस्टिन. मॉस्टिन आजारी पडून १ जानेवारीला वारला. एगर्टनची प्रकृती ढासळली आणि ६ जानेवारीला सेनापतिपद लेफ्टनंट कर्नल कॉकबर्नकडे गेले. फौजेतला सर्वांत धडाडीचा अधिकारी, ज्याला मराठी मुलूख इष्टुर फाकडा म्हणून ओळखतो तो कॅप्टन स्टुअर्ट, ४ जानेवारीला कार्ल्याजवळ पडला. शत्रूने ज्याला फाकडा म्हणावे असा माणूस गेल्यावर त्या फौजेत काय उरले असेल?

घाटमाथ्यापासून तळेगाव तीसेक किलोमीटर. तेवढे कापायला या फौजेला दोनेक आठवडे लागले. ९ जानेवारीला ती तळेगावात आली. समोर गाव जळलेले, दाणा नाही, वैरण नाही. पुढे चिंचवड आणि वेळ पडली तर खुद्द पुणेही जाळायची तयारी मराठ्यांनी ठेवली होती. राघोबादादांच्या नावावर सरदार येऊन मिळतील ही आशा फोल ठरली होती. कोणी आले नाही. तरी फौजेजवळ पंधरवड्याहून अधिक पुरेल इतका शिधा होता आणि पुणे दोन मजलांवर होते. पुढे जावे की मागे, यावर घोळ झाला आणि मागे जायचे ठरले.

हा निर्णय चूक होता असे बरेच जण म्हणतात. मला तो तितका चूक वाटत नाही. ओसाड केलेल्या मुलखात, पाठीमागचा रस्ता घोडदळाच्या हाती असताना पुढे जाणे हा जुगारच होता. चूक झाली ती मागे कसे जायचे यात. कमिटीने ठरवले की गुपचूप निघून जाऊ. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, नेता न येणारे सामान पेटवले, आणि रात्री अकराच्या सुमारास फौज चालू लागली. गुप्तता हवी होती आणि जाळ मात्र मैलभरावरून दिसेल असा लावला होता. तोफा बुडवण्याचे तर्कट असे, की ओझे कमी झाले की पाय उचलतील. पण उरलेले बैल होतेच, बुणगे होतेच. कमी झाले ते फक्त दात. ज्या वस्तूंच्या जोरावर ही फौज वाटेत कुठे तरी पाय रोवून उभी राहू शकली असती, त्या सगळ्यांत आधी पाण्यात गेल्या. सारा हिशेब सुटून जाण्याचा होता, त्यात थांबण्याला जागाच नव्हती.

रात्रीचे दोन वाजायच्या आत आघाडीवर गोळीबार झाला. म्हणजे मराठे नुसते मागे नव्हते, पुढेही होते. आघाडी बिचकली, सामानाची लूट सुरू झाली, आणि अंधारात ती लांबलचक रांग जागच्या जागी गोठली. घाटात एक ट्रक आडवा झाला की मागे कोसभर काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. इथे ट्रकच्या जागी बिथरलेले बैल होते आणि वर बाण सुटत होते. मग हल्ला पिछाडीवर आला.

पिछाडीला होता कॅप्टन जेम्स हार्टले, निवडक देशी शिपायांच्या काही कंपन्या घेऊन. मला या सगळ्या प्रकरणात पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तो हाच भाग. पहाट झाली तेव्हा मराठी घोडदळाचे लोट दिसू लागले. हार्टलेचे शिपाई उभे राहिले. घोडदळ आले, फैर झाली, घोडदळ फुटून बाजूला गेले. पुन्हा आले. हार्टलेला मागे येण्याचे हुकूम येत होते आणि तो उलट निरोप धाडत होता, की आत्ता वळलो तर संपलो. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. घोडदळ शंभर पावलांवर घिरट्या घालत असताना पाठ फिरवायची म्हणजे हल्ल्याला इशारा दिल्यासारखेच. तो हळूहळू, आपल्या वेळेने सरकला. उन्हे वर आली, दुपार टळली, तरी ती रांग मोडली नाही. मुंबईच्या पलटणींत कोकणातले शिपाई पुष्कळ असत. म्हणजे त्या दिवशी दोन्ही बाजूंना एकमेकांच्या शिव्या समजत होत्या. त्या शिपायांचे कौतुक करताना मला अवघडल्यासारखे होत नाही. ज्यांच्याविरुद्ध ते उभे होते त्यांनीही ते केले असते.

मुख्य फौजेत तोवर काय चालले होते? दुपारी ती वडगावाशी आली तेव्हा आसऱ्यासाठी बुणगे आणि बैल गावात शिरले, त्यांच्या लोंढ्यात पलटणींच्या रांगा फुटल्या, आणि त्या गोंधळात घोडेस्वारही आत घुसले. गाव मोकळे करून तोंडे धरायला चार वाजत आले. रात्री अकरा ते दुपारी चार. तळेगाव ते वडगाव हे अंतर पाचसहा किलोमीटरचे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मराठ्यांच्या तोफा गावावर चालू झाल्या. इंग्रजांच्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात होत्या. मारले गेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून हानी साडेतीनशेच्या घरात होती. चार हजारांच्या फौजेला ती मोडून टाकणारी नव्हे. पण कॉकबर्नने सांगून टाकले की इथून पुढे माघार शक्य नाही. हार्टलेने विचारल्यावर सांगितले की शक्य आहे, आणि कशी करायची तेही मांडले. ऐकले गेले नाही. ज्याने दिवसभर थांबून दाखवले होते त्याला अजून चालता येईल असे वाटत होते. जे दिवसभर नुसते चालत होते त्यांचे पाय गेले होते. स्पेनमध्ये १८०९ च्या जानेवारीत सर जॉन मूरची फौज डोंगरांतून कोरुनाच्या बंदराकडे हटली तेव्हाही नेमके हेच दिसले: पुढे घाईने चाललेल्या डिव्हिजनींतून माणसे दारू पिऊन, थकून, रांग सोडून शेकड्यांनी गळाली, आणि रोज फ्रेंचांशी झुंजणाऱ्या एडवर्ड पॅजेटच्या पिछाडीतली गळती इतरांहून कमी राहिली. लढणाऱ्या माणसाला आपण कशासाठी चाललो आहोत हे कळत असते.

आता मराठ्यांच्या बाजूने पाहू, कारण वडगावचा विजय नुसत्या इंग्रजी गोंधळाचा नव्हे. पाठलाग करणाऱ्याचाही एक धर्म असतो, आणि तोही थांबण्याभोवतीच फिरतो. शत्रूला थांबायला चांगली जागा मिळू द्यायची नाही, आणि तो वाईट जागी थांबला की तिथून हलू द्यायचे नाही. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांच्या फौजांनी समोरासमोर निर्णायक लढाई दिलीच नाही. ते घाटमाथ्यापासून तळेगावपर्यंत फौजेच्या चहूकडे राहिले, चारा जाळत, बाण टाकत. रात्री रांग निघाली तेव्हा तिच्या तोंडाशी जाऊन तिला अडवली, म्हणजे शेपटाला आपोआप उभे राहावे लागले. हार्टलेची रांग फुटत नाही हे दिसल्यावर तिच्यावर फौज खर्च करत बसण्याऐवजी मोर्चा मुख्य फौजेवर ठेवला. आणि शेवटी वडगाव, जिथे टिकाव धरावा असे काही नव्हते, तिथे फौज कोंडली गेल्यावर तोफा आणल्या.

या शहाणपणाच्या मागे काय होते याचा मी जेव्हा विचार करतो तेव्हा मला पानिपत आठवते. १४ जानेवारी १७६१. भाऊसाहेबांची त्या दिवशीची चाल हीसुद्धा एका अर्थी निघून जाण्याचीच चाल होती: उपासमारीने खिळखिळी झालेली छावणी मोडायची, बुणगे, बायका, यात्रेकरू मध्ये घ्यायचे, भोवती फौजेचा गोल, एका टोकाला इब्राहिमखान गारद्याचे बंदूकधारी, आणि हा गोल लढत लढत यमुनेकडे सरकवायचा. गारदी उभे राहून भारी पडत होते. पण त्यांच्या बाजूचे घोडदळ गोल सोडून धावून गेले, पोकळी पडली, आणि दुपारनंतर जे सुरू झाले त्याला माघार म्हणता येत नाही. त्या पळापळीत एका अफगाण स्वाराचा घाव पायावर बसून महादजी जन्माचे लंगडे झाले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवले. नाना फडणवीस तेव्हा विशीच्या आतले. त्यांची आई त्या गर्दीत गेली ती पुन्हा भेटली नाही. अठरा वर्षांनी, त्याच पंधरवड्यात, बुणग्यांच्या ओझ्याखाली रखडणारी एक फौज तळेगावहून निघाली तेव्हा पुण्याच्या बाजूने डाव मांडणारे हेच दोघे होते. गोल कुठे फुटतो, तो फुटल्यावर माणसे कशी धावतात, हे त्यांना कोणा कवायती पुस्तकातून शिकायचे नव्हते.

वडगावच्या तहात राघोबादादांना स्वाधीन करायचे, साष्टीसह गेल्या काही वर्षांत बळकावलेला मुलूख परत द्यायचा, बंगालहून येणारी कुमक परतवायची असे ठरले. पुढे कंपनीने तो तह मानला नाही. त्या कथेत इथे शिरत नाही.

ती कुमक घेऊन येत होता तो गॉडर्ड. तो सुरतेला पोहोचला, गुजरातेत लढला, वसई घेतली, आणि १७८१ च्या फेब्रुवारीत त्याची फौज बोरघाट चढून खंडाळ्याला आली. त्याचा अंदाज असा की घाट हातात आला म्हणजे पुणे दबेल. पुणे दबले नाही. हरिपंत आणि तुकोजी समोर ठाकले, आणि परशुरामभाऊ पटवर्धन खाली कोकणात उतरून पनवेलहून वर येणाऱ्या रसदेवर पडू लागले. गॉडर्डच्याही पुढ्यात तोच प्रश्न आला, बहुतेक त्याच जमिनीवर. त्याने एप्रिलच्या वीस तारखेच्या सुमारास घाट सोडला आणि २३ तारखेला पनवेल गाठले. खंडाळ्याहून पनवेल पन्नासेक किलोमीटरच्या आतच. रोजचे अंतर काढले तर ते फारसे भरणार नाही. पण या संथपणातच त्याचा जीव होता. फौज लढत, मुक्काम करत, पुन्हा निघत गेली. मेलेले आणि जखमी मिळून ४६६ माणसांची हानी झाली, म्हणजे वडगावपेक्षा जास्त. सामान मराठ्यांनी भरपूर लुटले. मराठ्यांनी हा विजयच मानला, आणि मोहिमेच्या दृष्टीने तो होताच. गॉडर्ड पुन्हा घाट चढला नाही. पण त्याची फौज शरण गेली नाही. तहाचा कागद लिहावा लागला नाही. वडगावला साडेतीनशे माणसे आणि फौजेचे सारे वजन गेले, इथे साडेचारशेहून अधिक माणसे गेली आणि फौज उरली. फरक हुकूम देणारा एक होता की कमिटी, यात आहे, आणि त्याने सुटका वेगात शोधली की मुक्कामात, यात.

थांबणे हे नुसते धाडसाने होत नाही, हेही सांगितले पाहिजे. १८०४ च्या जुलैमध्ये कर्नल मॉन्सन पाच पलटणी घेऊन मुकुंदऱ्याच्या खिंडीपलीकडे यशवंतराव होळकरांच्या मागावर माळव्यात शिरला. यशवंतराव चंबळ उतरून उलटे त्याच्याच अंगावर येत आहेत हे कळताच तो मागे वळला आणि पाठीवर ठेवलेले घोडदळ पहिल्याच धडकेत गमावून बसला. मुकुंदऱ्याला मात्र तो थांबला. खिंड अरुंद, दोन्ही अंगांना डोंगर, जागा उत्तम. ११ जुलैचा होळकरांचा हल्ला त्याने परतवला. आणि मग त्याच रात्री, जिंकलेली जागा सोडून, पुन्हा चालू लागला. कारण पोटातच होते: दाणा संपत आलेला, आणि पाठीमागचा रस्ता तुटेल ही धास्ती. ज्याच्या पाठीशी धान्य नाही त्याला चांगली जागाही धरता येत नाही. पुढचे सारे पावसाने केले. कोट्याच्या जालिमसिंगाने फौजेला शहरात घेतले नाही. काळ्या मातीत तोफांची चाके रुतली, त्या खिळे ठोकून तिथेच टाकल्या. नद्यांना पूर, नावा नाहीत, हत्तींवरून आणि तराफ्यांवरून फौज तुकड्या तुकड्यांनी उतरायची. ऑगस्टच्या २४ तारखेला बनासच्या काठी फौज अर्धी अल्याड, अर्धी पल्याड असताना होळकरांनी गाठले आणि नदीअलीकडे पिछाडीला उभी असलेली पलटण जवळजवळ नाहीशी केली. ३१ तारखेला उरलेसुरले आग्र्याला पोहोचले ते लोक फौज या नावाला पात्र नव्हते. आर्थर वेलस्लीने या प्रकरणावर लिहिलेल्या पत्रात दाणागोटा आणि नद्यांवरच्या नावा यांवरच भर दिला आहे, आणि यशवंतराव जवळ आले तेव्हा मॉन्सनने मागे न वळता त्यांच्यावर चालून जायला हवे होते असे त्याचे मत होते.

यशवंतरावांचे कसब इथे महादजींच्या तोडीचे आहे, कदाचित अंगुळभर वर. मुकुंदऱ्याला मार खाल्ल्यावर त्यांनी खिंडीवर डोके आपटत बसण्याचे टाळले. समोरच्याला पावसात चालायला लावले आणि बंदूक भिजण्याची, तोफ रुतण्याची, नदीवर फौज दुभंगण्याची वाट पाहिली. भिजलेल्या रंजकाची बंदूक म्हणजे टोकाला संगीन लावलेली काठी. अशा पलटणीला उभे राहायला जागा मिळाली तरी तिच्या उभे राहण्याला धार राहत नाही.

आपल्याकडे माघार हा शब्द उच्चारला की मान खाली जाते, आणि त्यामुळे माघारीचा अभ्यास करायचा राहून जातो. वडगावचा विजयस्तंभ आपण पाहतो, इष्टुर फाकड्याची गोष्ट सांगतो. तळेगाव ते वडगाव या सतरा तासांत कोण कुठे उभे होते आणि का, हे मात्र कोणी नकाशावर मांडून दाखवत नाही. मराठी पुस्तकांनी ते मांडावे असे मला कळकळीने वाटते, कारण आपल्या सरदारांचे खरे मोठेपण त्यातच दिसेल. त्यांनी लढाई टाळून लढाई जिंकली, आणि शत्रूच्या एका न मोडणाऱ्या तुकडीला ओळखून तिला बगल दिली.

वडगावनंतर कंपनीने एगर्टन, कॉकबर्न आणि कार्नॅक या तिघांनाही नोकरीतून काढले. हार्टलेला मुंबई सरकारने कॅप्टनचा लेफ्टनंट कर्नल केले, तेव्हा मागे पडलेल्या ज्येष्ठांनी तक्रारी केल्या. वडगावच्या पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर १७८० रोजी, वसईच्या वेढ्याला आड करून तो दुगाडला उभा राहिला. मराठ्यांनी तिथे निकराचा हल्ला केला, त्यात त्यांचे सरदार रामचंद्र गणेश पडले, आणि हार्टलेची रांग त्याही दिवशी हलली नाही.